एक बाटली म्हणजे नक्की किती?

गेल्या मार्चमध्ये रात्री दोनला जाग आली. उजव्या पायाच्या अंगठ्याचं मूळ टम्म सुजलेलं, लालबुंद, आणि इतकं हुळहुळं की चादर नुसती टेकली तरी कळ मस्तकात जायची. बायको म्हणाली, "अहो, काही चावलं का बघा." चावलं काहीच नव्हतं. तपासणीत युरिक ॲसिड ८.९ निघालं, पुरुषांमध्ये ते ७ च्या आत हवं. डॉक्टर म्हणाले, "हा गाउट, युरिक ॲसिडमुळे होणारा संधिवात. बिअर घेता?"

"प्रमाणात. शनिवारी दोन बाटल्या, बस."

आणि मला ते मनापासून तसंच वाटत होतं. रोज नाही, व्हिस्की नाही. घरी येऊन लेबल पहिल्यांदा नीट वाचलं. ६५० मिली, स्ट्राँग, ८ टक्के. म्हणजे ५२ मिली निव्वळ अल्कोहोल, वजनात ४१ ग्रॅम. अमेरिकेत एक ड्रिंक धरतात ते १४ ग्रॅमचं. माझी एक बाटली म्हणजे तिथली जवळपास तीन ड्रिंक. शनिवारी एका बैठकीत सहा! 'रोज एक बिअर हृदयाला चांगली' असं वाचून आपण खूश होतो, पण ती 'एक' म्हणजे ५ टक्क्यांचा छोटा कॅन. आपली खंब्यासारखी बाटली नव्हे.

अंगठ्याचं कारणही मग समजलं. बिअरमध्ये प्युरिन असतात, त्यांचं शरीरात युरिक ॲसिड होतं. त्यात अल्कोहोलमुळे मूत्रपिंडं ते बाहेर टाकायला कुचराई करतात. नळ सुरू आणि मोरी तुंबलेली, तशी गत. वर माझा चकणा सुकटीचा, म्हणजे प्युरिनची आणखी भर. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ४७ हजारांवर पुरुषांची १२ वर्षांची पाहणी छापून आली होती. गाउटचा धोका सगळ्यात जास्त बिअरनं वाढलेला दिसला. माफक वाइननं वाढलेला दिसला नाही.

हृदयाच्या फायद्याचंही आता तितकं खरं धरत नाहीत. जुन्या पाहण्यांत 'न पिणाऱ्यां'मध्ये आजारपणामुळे दारू सोडलेलेही मोजले जायचे, त्यामुळे थोडी पिणारे आपोआपच ठणठणीत दिसायचे. २०२३ च्या जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं स्पष्टच सांगितलं की दारूचं सुरक्षित असं प्रमाण नाही. कॅन्सरचा धोका पहिल्या घोटापासून धरायचा.

हे सगळं लिहायला बसलो ते मेव्हण्यामुळे. त्याला ९ मिलिमीटरचा मुतखडा आहे आणि ऑफिसातले सांगतायत, "दोन बिअर मार, पडून जाईल." माफक बिअर पिणाऱ्यांत मुतखडे कमी आढळल्याच्या पाहण्या आहेत, हे खरं. पण अडकलेला खडा बिअरनं ढकलला जात नाही. लघवी होते भरपूर, मागून शरीर कोरडं पडतं. आणि खडा युरिक ॲसिडचा असेल तर? मी काल त्याला फोनवर अर्धा तास हेच सांगत होतो. "भाऊजी, पण सगळेच म्हणतात," तो म्हणाला. मंगळवारी युरॉलॉजिस्टकडे मीच घेऊन जाणार आहे त्याला.