नदी नसलेलं सिएना, तिथल्याच एका बाईसोबत

इटलीतल्या सिएनाला नदी नाही. फ्लॉरेन्स आणि पिसा आर्नोच्या काठावर, रोम तिबेरच्या काठावर. सिएना मात्र तीन टेकड्यांच्या माथ्यावर जाऊन बसलेलं. फ्लॉरेन्सहून बसने सव्वा तासात पोहोचलो आणि आईने पहिला प्रश्न तोच विचारला, "एवढ्या उंचावर हे लोक पाणी कुठून आणायचे गं?"

आमची गाईड तिथे वाट बघत उभी होती. पन्नाशीची, गळ्यात परवान्याचा बिल्ला, पायात चालायचे मजबूत बूट. आईचा प्रश्न मी इंग्रजीत सांगितला तशी ती एकदम खूश झाली. "सगळे आल्याआल्या मोठा चौक कुठे आहे ते विचारतात. तुमच्या आईंनी बरोबर प्रश्न विचारला. चला, चौक नंतर, आधी खाली जाऊ." आमचा ठरलेला मार्ग तिने तिथेच बदलला, आणि त्या एका बदलामुळे आम्हाला सिएना जसं दिसलं तसं पुस्तक हातात धरून कधीच दिसलं नसतं.

सान दोमेनिको चर्चच्या पायथ्याशी उतरत गेलं की फोन्तेब्रांदा लागतं. लाल विटांच्या तीन भव्य टोकदार कमानी, दगडी सिंहांची तोंडं आणि आत सावलीत हिरवट, थंड पाणी. ही वास्तू १२४६ सालची. ते पाणी येतं कुठून, हे तिने कमानीखाली उभं राहून समजावलं. शहराच्या पोटात साधारण पंचवीस किलोमीटर लांबीचे बोगदे आहेत, त्यांना इथले लोक 'बोत्तीनी' म्हणतात. मऊ वालुकाश्म छिन्नी-कुदळीने कोरून, मध्ययुगात शेकडो वर्षं ते वाढवत नेले. बाहेरच्या डोंगरांत मुरलेलं पाणी दगडातून झिरपतं, बोगद्याच्या तळाशी कोरलेल्या अरुंद पन्हळीत थेंब-थेंब जमतं आणि अगदी कळेल न कळेल अशा उतारावरून शहरातल्या कारंज्यांपर्यंत वाहत येतं. पंप नाही, चाक नाही, सगळी करामत उताराची. पाण्यातला चुना पन्हळीत साचतो, म्हणून तो खरवडून काढायला माणसं नेमलेली असत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत शहर याच पाण्यावर होतं.

हे ऐकताना आईचा चेहरा फुलला. ती पुण्याच्या पेठेत वाढलेली. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पाणी, त्या नळावरचे उच्छ्वास, काळा हौद, बदामी हौद हे तिच्या लहानपणीच्या पत्त्यांतले शब्द. तिने ते सगळं मराठीत सांगितलं, मी जमेल तसं इंग्रजीत, आणि गाईडने वही काढून 'कात्रज' लिहून घेतलं.

पाण्याची वाटणी मला सगळ्यात आवडली. सिएनातल्या मोठ्या कारंज्यांवर पहिलं टाकं फक्त पिण्याच्या पाण्याचं. ते भरून सांडलं की दुसऱ्यात जातं, तिथे जनावरं पाणी पीत. तिथून सांडलेल्या पाण्यावर कपडे धुवायचे. फोन्तेब्रांदाचं उरलेलं पाणी पुढे गिरण्यांना, चामडं कमावणाऱ्यांना आणि रंगाऱ्यांना मिळायचं. एकच पाणी चार वेळा वापरलं जायचं.

त्या रंगाऱ्यांपैकीच एकाची मुलगी म्हणजे संत कातेरीना. जन्म १३४७चा, घर इथून चढावर चार पावलांवर. शाळेत न गेलेल्या या मुलीने पुढे पोपना आणि राजांना पत्रं लिहवून पाठवली आणि फ्रान्समधल्या आविन्योंला जाऊन बसलेल्या पोपने रोमला परतावं म्हणून त्याच्यामागे लकडा लावला. १३८० साली ती रोममध्ये वारली. तिचं मस्तक आजही सान दोमेनिकोमध्ये ठेवलेलं आहे. आईने हात जोडले. मला ते बघवलं नाही, पण शेजारी एक तरुण मुलगा गुडघे टेकून बराच वेळ पुटपुटत होता, त्याच्याकडे बघत राहिले.

चढ चढताना गाईडने एका घराच्या कोपऱ्यावर बोट दाखवलं. तिथे छोटी रंगीत फरशी बसवलेली, तिच्यावर मुकुट घातलेला पांढरा हंस. "इथून तिथपर्यंत आम्ही," ती म्हणाली. 'आम्ही' म्हणजे ओका, हंसाची वस्ती. सिएना अशा सतरा कोन्त्रादांमध्ये, म्हणजे वस्त्यांमध्ये, वाटलेलं आहे. त्यांच्या हद्दी १७२९ साली ठरवून दिल्या, त्या आजही तशाच आहेत. हंस, गरुड, लांडगीण, कासव, गोगलगाय, सुरवंट, जिराफ, साळिंदर. प्रत्येकीचं चिन्ह, झेंडा, रंग, चर्च, संग्रहालय आणि स्वतःचं कारंजं. मूल जन्मलं की चर्चमधल्या बाप्तिस्म्याशिवाय कोन्त्रादाच्या कारंज्यावर त्याचा वेगळा बाप्तिस्मा होतो आणि त्याच्या गळ्यात त्या रंगांचा रुमाल पडतो. आमच्या गाईडने पर्समधून तिचा रुमाल काढून दाखवला. हिरवा-पांढरा रेशमी, कडेला लाल, घड्यांवर विरलेला. आईने हात पुढे केला तेव्हा तिने तो हातात दिला, पण दुसरं टोक स्वतःच्या बोटांत धरून ठेवलं.

दुओमोबद्दल, म्हणजे शहराच्या मुख्य चर्चबद्दल, लिहायला बसले तर हा लेख संपायचा नाही. काळ्या-पांढऱ्या संगमरवराचे पट्टे ओढलेले खांब, निकोला पिसानोचं १२६०च्या दशकातलं व्यासपीठ, पिंतुरिक्क्योच्या भित्तिचित्रांनी उजळलेलं पिक्कोलोमिनी ग्रंथालय. पण आम्ही बहुतेक वेळ खाली मान घालूनच चाललो, कारण जमीनच चित्रांची आहे. रंगीत संगमरवर कापून, जडवून केलेले छपन्न चित्रफलक. एरवी ते झाकलेले असतात, उन्हाळ्यात आणि शरदाच्या सुरुवातीला ठरावीक काळ उघडतात. आम्ही सप्टेंबरअखेर गेलो म्हणून दिसले.

बाहेर आल्यावर मात्र गाईडने आम्हाला थांबवलं. चर्चच्या बाजूला एक प्रचंड भिंत एकटीच उभी आहे, तिच्या मोकळ्या कमानीतून आकाश दिसतं. १३३९ साली सिएनाने ठरवलं, की आहे हे चर्च फक्त आडवा भाग म्हणून ठेवायचं आणि त्याला जोडून त्याहून कितीतरी मोठं नवं बांधायचं. काम सुरू झालं आणि १३४८मध्ये प्लेग आला. शहरातली निम्मी किंवा त्याहून जास्त माणसं काही महिन्यांत गेली. आन्योलो दि तुरा नावाच्या इथल्या बखरकाराने लिहून ठेवलंय, की त्याने स्वतःच्या हातांनी स्वतःची पाच मुलं पुरली. बांधकामाचा पायाही कच्चा निघाला आणि चर्च जे थांबलं ते कायमचं. पुढे १५५५मध्ये लांबलचक वेढ्यानंतर शहर पडलं आणि थोड्याच काळात फ्लॉरेन्सच्या ताब्यात गेलं. नवे राजवाडे बांधायला ना माणसं उरली ना पैसा. आपण आज ज्याला सुंदर मध्ययुगीन शहर म्हणून फोटो काढतो, ते असं थांबून राहिलेलं आहे. गाईडने हे सांगताना आवाज चढवला नाही, पण "आमची माणसं गेली" असंच म्हणाली, आणि पावणेसातशे वर्षांपूर्वीच्या माणसांबद्दल कुणी 'आमची' म्हणताना मी प्रथमच ऐकत होते.

दुओमोच्या समोरच सान्ता मारीया देल्ला स्काला आहे. रोमच्या वाटेवरच्या यात्रेकरूंसाठी उभं राहिलेलं हे रुग्णालय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत चालू होतं, आता संग्रहालय. इथे गर्दी नसते आणि माझ्या मते सिएनात हे चुकवणं म्हणजे अर्धं शहर चुकवणं. ज्या दालनात खाटा असायच्या, त्याच्याच भिंतींवर दोमेनिको दि बार्तोलोने १४४०च्या सुमारास रुग्णालयाचा दिनक्रम रंगवलाय. एका जखमी तरुणाच्या मांडीला खोल जखम आहे, त्याच्याभोवती माणसं वाकलेली, कुणी त्याचे पाय धुतंय. दुसरीकडे भाकरीवाटप, तिसरीकडे टाकून दिलेली बाळं सांभाळणाऱ्या दाया. आजारी माणसाने खाटेवर पडल्यापडल्या हेच बघायचं, की आपल्याला इथे कसं वागवलं जाणार आहे.

जेवणाचं थोडक्यात सांगते. शाकाहाऱ्याचे हाल होत नाहीत. शिळा पाव, घेवडा आणि पालेभाजी घालून रटरटवलेलं रिबोल्लिता आईने पूर्ण संपवलं (तरी आधी विचारून घ्या, काही ठिकाणी मांसाचा रस्सा वापरतात), आणि हाताने वळलेला जाडसर पिची पास्ता लसूण-टोमॅटोत मी. पानफोर्ते नावाची चपटी, चिवट मिठाई विकत घेतली. त्यात बदाम, पाकवलेली फळं आणि मसाल्यांचा वास. काळ्या प्रकारात चक्क मिरी. पूर्वी ही औषधी-मसाले विकणाऱ्यांच्या दुकानांत मिळायची, कारण पूर्वेकडून आलेली ती मिरी आणि जायफळं त्यांच्याकडेच असत.

मग एकदाचा चौक. पियात्सा देल कांपोवर तुम्ही अंधाऱ्या गल्लीतून येता आणि समोर विटांचा उतार उलगडतो, शिंपल्याच्या आकाराचा, नऊ भागांत विभागलेला. नऊ कशासाठी, तर १२८७ ते १३५५ या काळात शहरावर नऊ जणांचं मंडळ राज्य करत होतं. बडे सरदार त्यातून वगळलेले. मुदत फक्त दोन महिने, आणि ते दोन महिने घरी जायचं नाही, समोरच्या पालात्सो पुब्ब्लिकोत, म्हणजे नगरभवनातच राहायचं. त्यांच्याच काळात नियम झाला, की चौकाकडे तोंड असलेल्या प्रत्येक घराच्या खिडक्या एकाच धाटणीच्या, मधे छोटे खांब असलेल्या हव्यात. १२९७ सालचा हा नियम आजही चौकात उभं राहून वाचता येतो.

इथे पाण्याची गोष्टही पुरी झाली. शहराच्या मधोमध, या चौकापर्यंत बोगद्यातलं पाणी १३४२च्या सुमारास पोहोचलं तेव्हा लोकांनी दिवसचे दिवस उत्सव केला. त्या जागी याकोपो देल्ला क्वेर्चाने १४१९मध्ये संगमरवरी कारंजं पुरं केलं. सध्या चौकात आहे ती एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती. मूळ झिजलेले तुकडे सान्ता मारीया देल्ला स्कालामध्ये आहेत. क्वेर्चाच्या आधी इथे एक प्राचीन व्हीनसची मूर्ती बसवली होती म्हणे. प्लेग आला, लढाया हरल्या, तेव्हा दोष मूर्तीवर गेला. १३५७मध्ये ती काढून फोडली आणि तुकडे फ्लॉरेन्सच्या हद्दीत नेऊन पुरले, असं सांगतात. फ्लॉरेन्सचं वैर इथे अजून जिवंत आहे. १२६०च्या मोंतापेर्तीच्या लढाईत सिएनाने त्यांना हरवलं, ते आमच्या गाईडने कालपरवा घडल्यासारखं सांगितलं.

पालात्सोच्या आत नऊ जण जिथे बसत, त्या दालनात अंब्रोज्यो लोरेन्झेत्तीने १३३८-३९मध्ये तीन भिंती रंगवल्या. चांगला कारभार असला तर शहर कसं दिसतं आणि वाईट असला तर कसं, एवढाच विषय. चांगल्या शहरात गवंडी परांचीवर चढून भिंत रचतायत, चांभार बसलाय, गुरुजी पोरांना शिकवतायत, काही जणी हात धरून नाचतायत. वेशीबाहेर शेतकरी एका पांढऱ्या पट्ट्याच्या काळ्या डुकराला बाजाराकडे हाकतोय. मला सगळ्यात जास्त खिळवलं ते एकोप्याच्या देवीने. तिच्या मांडीवर सुताराचा रंधा आहे, उंचसखल घासून सारखं करायला. न्यायाच्या तराजूतून निघालेल्या दोऱ्या तिच्या हातात येतात, त्यांचा पीळ ती एका रांगेत उभ्या असलेल्या चोवीस नागरिकांच्या हातांत देते आणि ते तो धरून चाललेले. कुणाला बांधलेलं नाही, सगळ्यांनी आपणहून धरलंय. बाजूच्या भिंतीवर शिंगं आणि सुळे असलेला जुलूम बसलाय, पायाशी न्याय जखडलेला. फोन्तेब्रांदाची टाकी, खिडक्यांचा नियम, रुग्णालयातली ती जखम हे सगळं सकाळपासून बघून इथे आलो, म्हणून ही भिंत आम्हाला चित्र वाटली नाही, हिशेब वाटला. राज्यकर्त्यांच्या डोळ्यांसमोर रोज असायला हवा असा हिशेब.

पालात्सोच्या मागे सालिकोत्तोची गल्ली आहे. तिथल्या झेंड्यावर पाठीवर बुरूज घेतलेला हत्ती. मला अर्थात आनंद झाला, "अय्या, हत्ती!" म्हणून मी फोटो काढायला सरसावले, तर गाईड गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली. ही तोर्रे, ओकाची पिढीजात वैरीण. "तुम्ही काढा फोटो," ती शांतपणे म्हणाली, "मी इथे थांबते." आणि खरंच थांबली.

हे वैर पालिओत दिसतं. २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच कांपोवर माती अंथरून घोड्यांची शर्यत होते. सतरापैकी दहा कोन्त्रादा, खोगिराशिवाय, तीन फेऱ्या, दीड मिनिटात खेळ खलास. घोडा चिठ्ठीने मिळतो, जॉकी पैसे देऊन आणतात. जॉकी पडला तरी एकटा घोडा पहिला आला की कोन्त्रादा जिंकली. शर्यतीआधी घोड्याला चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद देतात, आणि जिंकला तर शरदात रस्त्यावर टेबलं मांडून होणाऱ्या जेवणात मानाचा पाहुणा तोच. घोडे जखमी होतात, मरतातही, हे मी स्पष्टच विचारलं. तिने टाळलं नाही. आता नाजूक, शुद्ध जातीचे थरोब्रेड घोडे धावत नाहीत, वळणावर गाद्या लावतात, पशुवैद्य तपासतात, हे सांगितलं, आणि एका वर्षी त्यांचा घोडा गेला तेव्हा अख्खी वस्ती रडली होती, तेही. माझं मन अजून त्या बाबतीत पूर्ण मानत नाही.

जाणार असाल तर एक रात्र तरी मुक्काम करा. फ्लॉरेन्सहून आलेल्या बसेस संध्याकाळी परत गेल्या की गल्ल्यांत ढोल वाजवायचा सराव करणारी पोरं बाहेर पडतात. गाईड परवानाधारक आणि सिएनाचीच घ्या, आणि पहिल्यांदा तिची कोन्त्रादा विचारा. बोगदे बघायला आधी नोंदणी लागते, आम्हाला मिळाली नाही. रस्ते सगळे चढउताराचे आहेत, गुडघे दुखणाऱ्यांनी सकाळीच खालचा भाग उरकावा. पालिओ चौकाच्या मधोमध उभं राहून फुकट बघता येतो, पण त्यासाठी दुपारपासून उन्हात थांबावं लागतं आणि शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही, तेव्हा म्हातारी माणसं बरोबर असतील तर सप्टेंबरच बरा.