झाकण होतं की नव्हतं?

एकाच पुडीतली पिवळी माती, भट्टी एकच, प्रोग्रॅमही एकच: ४०० अंश सेल्सिअस, २ तास. तरी एका क्रूसिबलमधली (भट्टीत ठेवायच्या वाटीतली) भुकटी लाल निघाली आणि दुसऱ्यातली काळी. विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, लेबलं बदलली असतील." लेबलं बरोबर होती. लाल भुकटी चुंबकाला ढिम्म, काळीचे मात्र काचेतूनही काटे उभे राहत होते.

ही माती म्हणजे मुख्यतः गोएथाइट, पाणी धरून असलेलं लोहाचं पिवळं खनिज. तिच्यात पानांचा अर्क कालवून वाळवलं होतं. मोकळ्या हवेत गोएथाइटमधलं पाणी २५० ते ३०० अंशांच्या आसपास निघून जातं आणि हेमॅटाइट हे लाल लोह-ऑक्साइड उरतं, म्हणजे चुंबकत्व जवळपास शून्य. पण झाकण असलं की अर्काचा कोळसा होतो, आतला ऑक्सिजन संपतो आणि लोहाच्या ऑक्साइडमधून थोडा ऑक्सिजन ओढला जाऊन मॅग्नेटाइट हे काळं, चुंबकीय ऑक्साइड तयार होतं. वणव्यानंतर जमिनीचा वरचा थर जास्त चुंबकीय होतो, तोही यामुळेच. लाल क्रूसिबलवर झाकण नव्हतं, एवढाच फरक. शोधनिबंधांत मात्र बहुतेकदा फक्त तापमान आणि वेळ लिहितात. झाकण, थराची जाडी, भट्टी केव्हा उघडली, यातलं काहीच नाही. मग त्यांचे निकाल आपल्याकडे कसे यायचे?

काळ्या भुकटीवर तपकिरी पापुद्रा होता. सहकारी म्हणाले, "खलात घाला आणि एकजीव करा, सरासरी मिळेल." सरासरी कशाची? मी स्पॅट्युला आडवा धरून पापुद्रा हळूच खरवडला आणि वेगळ्या बाटलीत ठेवला. एक्सआरडीने, म्हणजे क्ष-किरणांनी खनिज ओळखायच्या चाचणीने, फार मदत केली नाही. मॅग्नेटाइट आणि मॅगहेमाइट (त्याचंच जास्त ऑक्सिजन घेतलेलं तपकिरी रूप) या दोघांचीही मोठी रेष ३५.५ अंशांच्या कोनाजवळच येते, आणि कण इतके बारीक की रेषा फुगलेल्या.

रामनमध्ये (लेझर टाकून खनिज ओळखायच्या चाचणीत) तर खालच्या काळ्या भुकटीतच हेमॅटाइटच्या रेषा दिसल्या. ऑपरेटरने निकाल देऊनही टाकला. लेझरची ताकद कमी करून नवीन जागी घ्यायला लावलं, तर त्या रेषा गायब, मॅग्नेटाइटचा ६७० सेमी⁻¹ च्या जवळचा पट्टा तेवढा उरला. आधीच्या वेळी लेझरनेच ती जागा भाजून लाल केली होती! ताकद न सांगता छापलेले रामनचे आलेख मी आता संशयानेच बघते.

व्हीएसएमचा, म्हणजे चुंबकत्व मोजायच्या यंत्राचा, आकडा कमी आला म्हणून सगळे हिरमुसले. शुद्ध मॅग्नेटाइटचा आकडा ग्रॅममागे साधारण ९२ ईएमयू (चुंबकत्वाचं एकक) असतो. पण आमच्या ग्रॅममध्ये क्वार्ट्झ आणि चिकणमातीही आहेत, त्यांचं वजन कोण वजा करणार?

पापुद्रा तापताना झाला की भट्टी गरम असतानाच कुणी दार उघडलं म्हणून, हे अजून उलगडलेलं नाही. भट्टीतला थर्मोकपल (तापमान मोजायची तार) हवेचं तापमान सांगतो, आणि अर्क पेटताना भुकटी आतून जास्त तापत असणार. पुढच्या खेपेला एक थर्मोकपल थेट भुकटीत खुपसणार, आणि भट्टी पूर्ण थंड होईपर्यंत दाराला कुलूप.