यंदा तूच ठरव

काकांचा मेसेज दुपारी आला. "यंदा तूच ठरव. मी येतो." तेव्हापासून कामात लक्ष नाही.

वॉलाय म्हणजे इथल्या तळ्यातला मासा. त्याच्या मासेमारीचं सगळं काका ठरवतात. मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी रात्रीचे बारा वाजून गेले की अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात वॉलाय पकडण्यावरची दरवर्षीची बंदी उठते. कोळ्यांना नारळी पौर्णिमा, तशी काकांना ही तारीख. बर्फ वितळायच्या आधीच त्यांचे फोन सुरू व्हायचे. केबिन कुठलं, जिग, म्हणजे शिशाचे गळ, किती वजनाचे, निघायचं किती वाजता. मी थर्मास भरायचा आणि मासा होडीपाशी आला की जाळं धरायचं.

तूच ठरव म्हणजे काय? भरवसा की कंटाळा? आजवर ते "आपण जातोय" म्हणायचे. "मी येतो" कधीच म्हणाले नव्हते. हॉस्पिटलातून आल्यापासून आवाजही... जाऊ दे.

मला वाईट वाटलं ते माझ्यासाठीच, हेही लिहून ठेवतो. या देशात आल्यापासून सगळं मीच ठरवत आलोय. घर, मुलांच्या शाळा, तिकडे आईची औषधं. एकच जागा अशी होती की कुणीतरी सांगावं, इथे बस, आता दोरी सोड. तीही गेली असं वाटलं. जेवणावरसुद्धा मन नव्हतं.

मग नकाशा उघडला. विनी तळं की रेड लेकचं वरचं तळं, अपर रेड?

काकांचा जीव रेड लेकवर. तिथला वॉलाय अतोनात मासेमारीने संपत आला, तेव्हा 1997 मध्ये रेड लेकच्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांनी आपली जाळी उचलली. 1999 मध्ये राज्यानेही आपल्या बाजूला बंदी घातली. पाण्यात पिल्लं सोडली, वाट पाहिली, आणि 2006 च्या मे महिन्यात तळं पुन्हा उघडलं. काका त्या दिवशी तिथे होते. पश्चिमेकडचं पाणी ओजिब्वेंचं, तिकडे होडी न्यायची नाही, हे त्यांनी मला गळ बांधायला शिकवण्याआधी सांगितलं होतं.

पण मी रेड लेक ठरवलं ते वेगळ्याच कारणाने. वॉलायच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. नितळ पाण्याच्या तळ्यावर त्याच्यासाठी अंधार पडेपर्यंत कुडकुडत बसावं लागतं. रेड लेकचं पाणी गढूळ, तपकिरी. तिथे तो भर दुपारीही लागतो. शिवाय टॅमरॅक नदीत अंडी घालून परतलेला मासा मे महिन्यात काठाजवळच्या उथळ पाण्यात असतो, वाऱ्यात होडी लांब हाकायला नको. काकांना ऊन असताना बसता येईल, थंडी वाढायच्या आत केबिनवर येता येईल. हे त्यांना सांगणार नाही. त्यांनाही न सांगता कळेल म्हणा.

हे सुचलं तेव्हा दुपारपासूनचं ओझं बरंच उतरलं. माझ्यासाठीही कुणीतरी इतकी वर्षं असाच विचार करत होतं तर.

तळ्याकाठच्या वॉस्किशला केबिन मिळालं, खालच्या मजल्यावरचं. आमिषाचे शायनर, म्हणजे छोटे मासे, वाटेत कुठे घ्यायचे ते मात्र मुद्दाम ठरवलेलं नाही. त्यावर काकांची मतं फार ठाम आहेत. उद्या फोन करून विचारतो.