अकरा वाजताची पेज

दारू सोडून चौदा महिने झाले. भेटेल तो विचारतो, परत मन होत नाही का रे, पण काय खातोस असं आजवर कुणी विचारलं नाही. मला सावरलं ते बरंचसं खाण्यानेच, म्हणून आज फक्त त्यावरच लिहितोय.

पीत होतो तेव्हा माझं जेवण म्हणजे बारमधले शेंगदाणे, एखादं कटलेट, आणि रात्री घरी ताट वाढलेलं असलं तरी दोन घास. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये ७ कॅलरी असतात, भात-चपातीतल्या पिष्टाच्या एका ग्रॅममध्ये ४, त्यामुळे भूक मरते, पण अंगाला लागेल असं त्यात काहीच नसतं, आणि वर जे थोडंफार खातो त्यातली जीवनसत्त्वंसुद्धा आतडी नीट घेत नाहीत. माझं पोट पुढे आलं होतं आणि दंड मात्र काटक्यांसारखे, पायाला सतत मुंग्या.

एक गोष्ट आधीच सांगतो, रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करू नये. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, नंतर भ्रम होतो, जिवावर बेततं. मला अ‍ॅडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनी ग्लुकोज लावायच्या आधी बी१चं, म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन लागतं, ते अंगात नसताना नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. पिणारा माणूस शुद्धीत असूनही चालताना झोकांड्या खायला लागला, डोळ्यांपुढे एकाचे दोन दिसायला लागले, काहीतरी असंबद्ध बोलायला लागला तर प्यायलाय म्हणून सोडून देऊ नका, त्याच दिवशी हॉस्पिटलात न्या.

घरी आलो तर भूकच नव्हती. आईने काही विचारलं नाही, अकरा वाजता उकड्या तांदळाची पेज आणून ठेवली, मीठ घालून, बाजूला मिठातल्या कैरीची फोड. माझा हात इतका थरथरत होता की चमचा वाटीवर टकटक वाजायला लागला. तिने चमचा काढून घेतला, पेज स्टीलच्या पेल्यात ओतली आणि म्हणाली, "पी, सावकाश." तेव्हापासून रोज अकराला पेज, अजून चालू आहे.

नंतर आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की भात भिजवून सालासकट उकडतात तेव्हा कोंड्यातलं बी१ आत दाण्यात शिरतं, म्हणून सडल्यावरही उकड्या तांदळात ते पांढऱ्या सुरय तांदळापेक्षा जास्त राहतं, आणि पेजेचं पाणी आपण ओतून देत नाही त्यामुळे पाण्यात उतरलेलंही पोटात जातं. अर्थात नुसत्या पेजेने भागत नाही, गोळ्या डॉक्टर सांगतील तेवढे दिवस घ्याव्याच लागतात.

आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत लिव्हर बिघडलं की अंडी बंद, मासे बंद, फक्त उसाचा रस आणि मऊ भात द्या असं सांगणारे घरोघरी आहेत. याचा मला खरंच राग येतो. मला डॉक्टरांनी उलट सांगितलं, प्रथिनं बंद करायची नाहीत, वजनाच्या किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम हवीत आणि झोपण्याआधी काहीतरी खायचंच, कारण आजारी लिव्हर रात्रभराचा साठा धरून ठेवू शकत नाही, मग शरीर आपलेच स्नायू खातं. तुमचं प्रमाण तुमच्या डॉक्टरांना विचारा, पण शेजाऱ्याचं ऐकून माणसाला उपाशी ठेवू नका.

संध्याकाळचे सात, ती वेळ सगळ्यात कठीण. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगमध्ये शिकलो की भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांना आधी ओळखायचं. मला कळलं की माझी तलफ पुष्कळदा भूकच असायची. म्हणून साडेपाचला उकडलेले अळसांदे, म्हणजे आमच्याकडची चवळी, खोबरं घालून, नाहीतर दोन अंडी, नाहीतर केळं. सातपर्यंत पोटात काहीतरी असलं की तो एक तास निघतो. गोड खूप खावंसं वाटायचं, ते बहुतेकांना होतं, हळूहळू कमी झालं.

आणि आपल्या गोव्यातली एक खास अडचण, व्हिनेगर. मला डायसल्फिरामची गोळी चालू होती, ती घेत असताना दारू पोटात गेली की त्रास होतो, म्हणून तिच्यावर अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, माउथवॉश, व्हिनेगर सगळं टाळायला सांगतात, आणि इथे माडाच्या सुरेचं, म्हणजे माडीचं, व्हिनेगर रेशाद या लाल मसाल्यात, विंदालूत, चोरीस सॉसेजमध्ये, आणि तांदळाच्या सान्नांमध्ये तर सूरच. शेजारच्या आंटीकडे फेस्ताला गेलो तेव्हा मी नुसता भात घेऊन बसलो होतो, तिने विचारलं तर सगळं सांगितलं, पहिल्यांदाच कुणा बाहेरच्याला. "आधी सांगायचं ना रे बाब," एवढंच म्हणाली आणि आत गेली. दहा मिनिटांनी मीठ, हळद आणि सोलं लावून तळलेले दोन बांगडे माझ्या पानात आले.