चूक होंडाची होती, पण एकट्या होंडाची नव्हती

२७ सप्टेंबर २०१५, रविवार. जपानमधल्या सुझुकाची फॉर्म्युला वन रेस आपल्याकडे सकाळी साडेदहाला होती, मी पोह्यांची प्लेट घेऊन टीव्हीसमोर बसलेलो. सरळ पट्ट्यावर मागून गाड्या येत होत्या आणि होंडाचं इंजिन लावलेल्या मॅक्लारेन टीमच्या गाडीला आरामात मागे टाकून जात होत्या, आणि मग रेडिओवर तिचा ड्रायव्हर अलोन्सो अक्षरशः ओरडला, "जीपी टू इंजिन! जीपी टू!" म्हणजे फॉर्म्युला वनच्या गाडीत खालच्या क्लासचं इंजिन. आणि बोलला कुठे, तर सुझुकात, जो ट्रॅकच होंडाच्या मालकीचा आहे. घरात बोलावून आख्ख्या गावासमोर काढलेला अपमान होता तो, मला अजून आठवलं तरी कसंतरी होतं.

राग खरा होता, ते मान्यच. १९८८ मध्ये ह्याच मॅक्लारेन-होंडाने सेना आणि प्रॉस्ट ह्या ड्रायव्हर्सना घेऊन १६ पैकी १५ रेस जिंकलेल्या, आणि २०१५ मध्ये पूर्ण सीझनचे पॉइंट २७, नंबर नववा. बेल्जियमला तर इंजिनचे पार्ट इतके बदलले की दोन्ही गाड्यांना मिळून १०५ जागा मागे जायची पेनल्टी लागली, ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत, गाड्याच २०!

पण हे झालं कसं ते कोणी नीट सांगत नाही. बाकीच्यांनी पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारं हायब्रिड इंजिन २०१४ पासून पळवलं होतं, होंडा एक वर्ष उशिरा आली, आणि त्यात मॅक्लारेनला गाडीचा मागचा भाग एकदम चिंचोळा हवा होता, 'साइझ झीरो' म्हणायचे त्याला. मग होंडाने टर्बोचा कॉम्प्रेसर, म्हणजे हवा दाबून इंजिनात भरणारा पार्ट, इंजिनच्या व्ही आकाराच्या खाचेत बसवला, खाच छोटी म्हणून कॉम्प्रेसर छोटा, आणि सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूतून वीज बनवणारा जो पार्ट असतो तो पुरेशी वीजच देईना, त्यामुळे सरळ पट्ट्यावर अर्ध्यातच गाडीची बॅटरीची ताकद संपायची. एवढ्या जागेत नाही बसणार हे होंडाने तेव्हाच ठणकावून सांगायला हवं होतं, आणि मॅक्लारेननेही ऐकून घ्यायला हवं होतं.

२०१७ ला होंडाने डिझाइनच बदललं, तर नवीनच दुखणं. जपानमध्ये साकुराला टेस्ट बेंचवर, म्हणजे जागेवर बांधून, ठीक चालणारं इंजिन, पण बार्सिलोनात गाडी वळायला लागली की टाकीतलं इंजिन ऑइल हेलकावे खायचं, कारण बेंच काही वळत नाही. सोचीला तर अलोन्सोची गाडी रेस सुरू व्हायच्या आधी फॉर्मेशन लॅपलाच बंद पडली. आणि ह्या सगळ्यात मॅक्लारेनचं एकच पालुपद, आमची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा, सगळ्यात भारी, फक्त इंजिन नाही.

सप्टेंबर २०१७ ला काडीमोड झाला. २०१८ ला मॅक्लारेनने रेनॉचं इंजिन घेतलं, आणि त्याच रेनॉवर रेड बुल टीमने चार रेस जिंकल्या, मॅक्लारेनने एकही नाही! नाचता येईना अंगण वाकडं, ह्याहून चपखल दुसरं काही सुचत नाही मला.

होंडा टोरो रोसोकडे गेली, छोटी टीम, पण तिथे निवांतपणे काम करू दिलं. होंडाच्याच विमानाचं इंजिन बनवणाऱ्या लोकांनी टर्बोच्या कामात मदत केली. आपल्याकडे दहा-दहा वर्षं ॲक्टिव्हा चालवणाऱ्या कोणालाही विचारा, ह्या कंपनीला इंजिन बनवता येत नाही हे माझ्या तर कधीच पचनी पडलं नाही.

३० जून २०१९, ऑस्ट्रिया. आता होंडाचं इंजिन घेतलेल्या रेड बुलमध्ये ड्रायव्हर व्हर्स्टॅपन जिंकला, २००६ नंतर होंडाचा पहिला विजय. पोडियमवर त्याने स्वतःच्या ड्रेसवरचं होंडाचं नाव कॅमेऱ्याकडे दाखवलं, दोन-तीनदा बोट ठेवून, आणि शेजारी ट्रॉफी घ्यायला होंडाचे इंजिनिअर तनाबे उभे होते. मी सोफ्यावरून उठून टाळ्या वाजवल्या.