दाराबाहेरच्या चपला : आमची वाटचाल

दुकानांची आतली मांडणी करून देण्याच्या आमच्या धंद्यातलं पहिलं मोठं काम म्हणजे यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातलं एक कापड दुकान. मी अमरावतीहून इंटेरिअरचा डिप्लोमा करून नुकताच गावी परतलो होतो. बाबा वाढई, म्हणजे सुतार. बैलगाडी, वखर, डवरा, दाराच्या चौकटी यांतच त्यांची सारी हयात गेली. मला मात्र शहरातल्या शोरूमसारखं काहीतरी करून दाखवायचं होतं. म्हणून समोरून पूर्ण काच, आत चकचकीत पांढरी फरशी, जिप्समचं सिलिंग, आणि जुनी गादी काढून त्या जागी उभे काउंटर. उद्घाटनाच्या दिवशी जो तो पाठ थोपटत होता.

पंधरा दिवसांनी मालकांचा फोन आला. "दादा, एक दिवस येऊन बसा आपल्या दुकानात. मी काही सांगत नाही, तुम्हीच पाहा."

मी सकाळपासून बाहेरच्या ओट्यावर बसलो. बाजाराचा दिवस होता. खेड्यातली माणसं काचेपर्यंत यायची, चपला काढायची, आत डोकवायची. बरेचजण चपला परत पायात सरकवून दोन दुकानं सोडून असलेल्या जुन्या कापडवाल्याकडे जायचे. एका आजोबांना मी विचारलं, तर म्हणाले, "काचा पाहून मले वाटलं ब्यांक आहे. अन् माये पाय मातीचे, फरशी खराब होईन नं बाप्पा."

दुपारी तीन वाजता दुसरी गोष्ट कळली. दुकानाचं तोंड पश्चिमेला. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, आणि उतरतं ऊन त्या काचेतून थेट आत येऊन काउंटरमागच्या पोरांच्या अंगावर पडत होतं. पंखा तीच गरम हवा फिरवत होता. त्यांना टेकायला जागा नव्हती, कारण गादी मीच काढली होती. त्या गादीवर नोकर बसायचा, गिऱ्हाईकही बसायचं, पांढऱ्या चादरीवर थान उलगडलं जायचं, बायका कापड हातात घेऊन पोत बघायच्या, कडेवरचं लेकरू तिथंच झोपी जायचं. इतकी कामं करणारी एक वस्तू मी जुनाट समजून बाहेर टाकली होती.

ते सगळं आम्ही आमच्या खर्चानं बदललं. पहिल्या कामाची सगळी मिळकत त्यात गेली, पण पर्याय नव्हता. काच सहा फूट आत घेतली आणि पुढे छपरी काढली, बसायला बाक आणि पाण्याचा माठ ठेवला. दुपारनंतरचं ऊन तिरपं असतं, नुसत्या छपरानं ते अडत नाही. म्हणून बुरडांकडून बांबूच्या तट्ट्या विणून घेतल्या, तीननंतर खाली सोडायच्या. चकचकीत फरशीच्या जागी खरखरीत कोटा दगड. अर्ध्या दुकानात गादी परत आली. छपरीचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. पांढऱ्या-निळ्या ट्यूबखाली लुगड्याचा रंग खरा दिसत नाही, म्हणून बायका ते उजेडात नेऊन बघतात. आता त्यांना रस्त्यावर जावं लागत नाही. पुढच्या कामांत आम्ही रंग खरे दाखवणारे, सीआरआय (रंग किती खरा दिसतो याचं शंभरपैकी माप) नव्वदच्या पुढचे एलईडी वापरायला लागलो. ते महाग पडतात, पण कापड आणि सोन्याच्या दुकानात मी त्यावर तडजोड करत नाही.

तेव्हापासून नकाशा काढायच्या आधी मी दुकानात दोन दिवस नुसता बसतो. एक दिवस गिऱ्हाइकाच्या बाजूला, एक दिवस काउंटरच्या मागे.

या बसण्याचा सगळ्यात जास्त उपयोग कृषी केंद्रांत, म्हणजे बियाणं, खत आणि फवारणीची औषधं विकणाऱ्या दुकानांत झाला. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. आमच्या ओळखीच्या घरांपर्यंत ती भीती आली होती. त्यानंतर एका दुकानदारानं बोलावलं, तेव्हा आत पाय टाकताच वास नाकात गेला. औषधांचे डबे बिल करणाऱ्या ताईंच्या डोक्यामागच्या रॅकवर होते. त्या म्हणाल्या, "सिझनभर डोकं दुखते, आता सवय झाली." कीटकनाशकांच्या १९७१ च्या नियमांत औषधं इतर मालापासून वेगळ्या खोलीत किंवा कुलूपबंद कपाटात ठेवायची, जागा कोरडी, उजेडाची आणि हवेशीर असायची, असं स्पष्ट आहे. आम्ही मागं वेगळी खोली केली. या औषधांची वाफ सहसा हवेपेक्षा जड असते, म्हणून हवा बाहेर फेकणारा पंखा जमिनीलगत बसवला आणि ताज्या हवेची जाळी समोरच्या भिंतीत वर दिली. ताईंचं टेबल दाराजवळ, छपरीच्या हवेत आलं. हातमोजे, मास्क, चष्मे मागच्या कोपऱ्यात धूळ खात होते, ते बिलाच्या टेबलाशेजारी, हाताच्या उंचीवर मांडले. डब्यावरच्या लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या त्रिकोणांचा अर्थ मोठ्या अक्षरांत भिंतीवर रंगवला. वाचता न येणाऱ्यालाही लाल म्हणजे सगळ्यात जहाल हे कळावं, एवढाच हेतू.

खताचा प्रश्न वेगळा. आता पॉस मशीनवर, म्हणजे विक्रीची नोंद करणाऱ्या यंत्रावर, सहसा अंगठा लावूनच अनुदानाचं खत मिळतं. कापूस वेचून, निंदण करून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यांचा अंगठा चार-पाच वेळा लावावा लागतो, आणि मागची रांग चिडते. मृगाचा पाऊस पडला की अशी रांग रस्त्यापर्यंत जाते. आम्ही मशीनसाठी तीस इंच उंचीचं वेगळं टेबल केलं, समोर स्टूल, बाजूला पाणी आणि ओलं फडकं. म्हातारा माणूस बसून शांतपणे अंगठा लावतो, बियाण्याची रांग शेजारून चालू राहते. युरियाचं पोतं ४५ किलोचं. ते हमालाच्या पाठीवरून थेट उतरावं म्हणून गोदामाचा ओटा मिनीडोअर टेम्पोच्या फाळक्याच्या उंचीला घेतला. ज्या दिवशी हमालांनी स्वतःहून येऊन सांगितलं की कंबर कमी दुखते, तो माझ्या धंद्यातला मोठा दिवस होता.

कामाचं वेळापत्रक पिकावर चालतं. कृषी केंद्रं एप्रिल-मे मध्ये, कपड्यांची दुकानं दसऱ्याच्या आधी, आणि पैसे कापूस विकला गेला की. त्यामुळे पावसाळ्यात कारागिरांना घरी बसावं लागू नये म्हणून आम्ही शाळांचे बाक आणि घरातली कपाटं करतो. उधईमुळे (वाळवीमुळे) कुठलंही लाकूड जमिनीला टेकवत नाही. खाली चार इंच लोखंडी पाय असतातच.

बसायच्या जागेवरून मालकांशी माझा अजूनही वाद होतो. केरळनं २०१८ मध्ये आणि तमिळनाडूनं २०२१ मध्ये दुकानातल्या नोकरांना बसायची सोय कायद्यानं दिली. आपल्याकडचे काही मालक म्हणतात, पोरगी बसली की गिऱ्हाइकाला आळशी दिसते. मी त्यांना एवढंच विचारतो, सकाळी नऊ ते रात्री नऊ तुम्ही उभे राहून पाहिलंय का? स्टुलाशिवाय काउंटर करून मागणारं एक काम यंदा मी नाकारलं.

सध्या दिग्रसकडच्या एका मेडिकलचं काम चालू आहे. तिथली मुलगी पाच फुटांची, काउंटर बेचाळीस इंच. गोळ्या देताना टाचा उचलते. तिच्या बाजूला जमीन सहा इंच वर घेतोय, आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला पायऱ्यांऐवजी एकास बाराचा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढणारा उतार, कारण बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला येणारे बहुतेक काठी टेकत येतात. तिच्यासाठीचं स्टूल बाबा स्वतः करताहेत, आलापल्लीच्या सागाचं. काल तिला बसवून त्यांनी सुताच्या दोरीनं माप घेतलं, आणि घरी आल्यावर मला म्हणाले, "पाय टेकवायला एक आडवी पट्टी लागन, थे लिहून ठेव."