तुम्ही विचारलंत म्हणून: मुसळीच्या पानात काय सापडलं?

दरवर्षी आखाजीला गावी गेलो की मामा विचारतातच, "भो, त्या मुसळीना पानमा काय सापडनं तुले?" शिकलेली मंडळी तेच जरा सफाईने विचारतात, की आख्खं झाड सोडून नुसता पानातल्या क्लोरोप्लास्टचा डीएनएच का वाचतोस. तर एकदाच लिहून टाकतो.

आमची सातपुड्यातली जंगली सफेद मुसळी, पाऊस पडला की उगवते, पांढरी नाजूक फुलं धरते, आणि मुळ्यांसाठी इतकी खणली गेलीय की एक रोप शोधायला दिवस जातो. (शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिविलियानम, म्हणजे बोरिवलीवरून! राबतो सातपुडा, नाव मुंबईचं.) जागा विचारू नका, सांगणार नाही.

क्लोरोप्लास्ट म्हणजे पान हिरवं ठेवणारा पेशीतला कण, त्याला स्वतःचा डीएनए असतो. पेशीत न्यूक्लिअसच्या (केंद्रकाच्या) डीएनएच्या दोनच प्रती पण याच्या शेकडो, कधी हजारो, त्यामुळे थोडक्या पैशात थोडंसं सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं क्रमाने वाचणं) केलं तरी हा पूर्ण हाती लागतो. अक्षरंही बेताची, बहुतेक झाडांत १ लाख २० हजार ते १ लाख ६० हजार. तंबाखूचा तर जपानमध्ये १९८६ सालीच वाचून झाला.

खरा ताप त्याच्या आधी. पान तोडलं की लगेच ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशवीत, मग एसटीने जळगाव, आणि लॅबमध्ये बघतो तर ट्यूबमध्ये भेंडीच्या भाजीत पाणी पडल्यासारखा बुळबुळीत गोळा, पिपेटच्या टोकाला तार धरतोय. मीठ वाढवून, कोवळी पानं घेऊन तिसऱ्या खेपेला कुठे डीएनए साफ निघाला.

मग वाचलेल्या तुकड्यांची जुळवणी केली तर मधला छोटा भाग चक्क उलटा! मला वाटलं मोठा शोध लागला, दोन आठवडे हवेत, मित्राला भरीत पार्टीसुद्धा कबूल करून बसलो. नंतर कळलं की त्याच्या दोन्ही बाजूंना एकच मजकूर आरशातल्यासारखा उलट लिहिलेला असतो, त्यामुळे मधला भाग एकाच झाडात सुलटाही असतो आणि उलटाही, आणि पामर नावाच्या शास्त्रज्ञाने हे घेवड्यात १९८३ सालीच दाखवलंय. पार्टी द्यावीच लागली.

उपयोग म्हणाल तर बाजारात वाळलेल्या मुळ्या सगळ्या सारख्याच दिसतात, सोलल्यावर तर विचारूच नका, तिथे हा मजकूर जुळवून बघता येतो की ही खरी मुसळी की तिची चुलतबहीण. शिवाय बहुतेक फुलझाडांत क्लोरोप्लास्ट आईकडूनच येतो, पराग कुठूनही येवो, म्हणजे कुठल्या डोंगरावरच्या झाडांचं माहेर एक ते कळतं.

माहेर म्हटल्यावर मामांना लगेच पटलं. वरून म्हणाले, "आनि बापनं घर?"

त्याला न्यूक्लिअस वाचावा लागतो मामा, आणि त्याचं कोटेशन मागवलंय, अजून उघडून बघायची हिंमत झाली नाही.